खिडकी उघडी, लिहिणं बंद

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर तू बोलतोस आणि मी नुसती हं हं करत बसते. कागदावर निदान मध्येच कुणी तोडत नाही, म्हणून हे पत्र. सोबतचं पाकीट जपून उघड, आत तुझ्या दादाच्या फ्लॉप्या आहेत.

सापडल्या कुठे माहितेय? गरम कपड्यांच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी. पाच आहेत. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात प्रकरणाचा आकडा आणि खाली ‘कुणी हात लावू नये’. घरात हात लावायला मी एकटी, म्हणजे ही सूचना माझ्यासाठीच. एवढ्या वर्षांच्या संसारात एवढाच विश्वास कमावला बघ मी.

ही त्यांची शेवटची कादंबरी. प्रकाशक छापायला एका पायावर तयार आहेत, पण त्यांना शेवट हवा. रहस्यकथा खुनी कोण हे न सांगता छापली, तर वाचक माझ्या दारात येऊन बसतील. आणि खरं सांगू, मलाही तो शेवट हवाय. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते, “या वेळचा शेवट वाचलास तर तू चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीस.” मी म्हटलं, बरंच होईल, तेवढीच शांतता. हे आमचं शेवटचं धड बोलणं. दुसऱ्या दिवशी ते तुझ्याकडे यायला निघाले, तुझ्या इमारतीत लिफ्टचं दार उघडलं, पाय आत टाकला आणि आत लिफ्टच नव्हती, होता तो दोन मजली तळघरापर्यंतचा खड्डा.

तू नेमका गिऱ्हाइकाकडे गेलेला. दुकानात असतास तर त्यांना घ्यायला पुढे आला असतास, हे मनातून जात नाही. तुला बोल लावत नाही रे, नुसतं मनात येतं ते लिहिलं.

त्यांचा कॉम्प्युटर तू त्याच आठवड्यात दुरुस्तीला नेलास, त्यामुळे माझ्याकडे यातलं काहीच उघडत नाही. सध्या पहिल्या दोनच पाठवतेय. कुरियरवाल्याने गोंधळ घातला तर सगळं एकदम जायला नको. वाच, छाप आणि पाठव. जसं आहे तसं. त्यांची एक वेलांटीसुद्धा सुधारू नकोस, चुकीची असली तरी.

वहिनी

---

११ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट मिळालं. दुकानात अजून डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नाक मुरडतंय. फ्लॉप्यांना थोडी बुरशी होती. काळजी नको, त्यावर माझा इलाज आहे. वरचं प्लास्टिक उघडायचं, आतली तबकडी अलगद काढायची, स्पिरिटने पुसायची आणि नव्या कव्हरात घालायची. मग ती एकदा तरी वाचता येते. हल्ली हे करणारा या गावात मी एकटा उरलोय, त्यामुळे कुणाकुणाच्या पोटमाळ्यावरचं सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं.

तुला आठवतं, दादाच्या पुस्तकातल्या फ्लॉप्यांवरून आमचं किती वाजायचं? एका कादंबरीत नायक धावत्या मोटारीतून फ्लॉपी नदीत फेकतो आणि ‘आतली माहिती पाण्यात विरघळून जाते’. साखर आहे का ती? दुसरीत खलनायक खिशातून लोहचुंबक काढतो, लांबूनच दाखवतो आणि फ्लॉपी कोरी. तिसरीत ती मशीनमध्ये घातल्याबरोबर पडदाभर खुन्याचा फोटो. अगं, फोटो राहू दे, साधं पानभर मजकूर उघडायचा तर ती घरघरते, थांबते, परत घरघरते. तेवढ्यात खुनी चहा पिऊन घरी जाईल.

आणि त्या खिडकीचं तर विचारूच नकोस. फ्लॉपीच्या कोपऱ्यात छोटी चौकोनी खिडकी असते, तिच्यावर सरकती पट्टी. खिडकी उघडी असली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही, फक्त वाचता येतं. बंद केली की कुणीही यावं आणि वाट्टेल ते करावं. दादाने हे आयुष्यभर उलटं धरलं. प्रत्येक पुस्तकात त्याचा नायक ‘खिडकी बंद करून निर्धास्त’ होतो. स्वतःचं एक अख्खं प्रकरण त्याने असंच पुसून घेतलं होतं, तरी पुढच्या पुस्तकात तेच. चिडून सांगितलं तर म्हणायचा, वाचकाला घाबरायचं असतं, फ्लॉपी दुरुस्त करायची नसते.

ही कादंबरी मात्र त्याने मला दाखवली नव्हती. कधी लिहिली तेही ठाऊक नाही. छापून पाठवतो.

एक विचारायचं राहिलं. एकाच फ्लॉपीच्या भरवशावर राहू नकोस, दोन प्रती कर आणि दोन घरांत ठेव, हे मी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मग दुसऱ्या प्रती कुठे आहेत? सापडल्या तर कुणाच्या हातात देऊ नकोस. नवशिक्याने चुकीच्या मशीनमध्ये घातल्या तर कायमच्या जातील.

धाकटा

---

२० फेब्रुवारी

धाकट्या,

दोन्ही प्रकरणं मिळाली. एका बैठकीत वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग परत येऊन पुन्हा वाचली. तो म्हातारा घड्याळजी काय जमलाय. गावातले लोक विश्वासाने आपली घड्याळं त्याच्याकडे देतात आणि काही दिवसांनी एकेकाला निनावी पाकिटं यायला लागतात. ‘तुझं गुपित माझ्याकडे आहे.’ वाचताना मी उठून दाराची कडी बघून आले. आपल्या डॉक्टरीणबाईंची आठवण झाली. त्यासुद्धा अशाच कसल्याशा पाकिटांनी हैराण होत्या म्हणे. चांगला चाललेला दवाखाना बंद करून गेल्या, कुठे गेल्या तेही कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या जुन्या फ्लॉप्या तूच वाचून दिल्या होत्यास ना? त्यांचा पत्ता असला तर कळव, त्यांनी ह्यांचं दुखणं फार मायेने काढलं होतं.

दोन शंका आहेत. पहिली, घड्याळजी ‘दुकानात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो’ असं छापलंय. घड्याळाची प्रत कशी काढतात रे? माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुसरी, तळटिपा कुठे गेल्या? प्रत्येक प्रकरण संपलं की रेघ मारून खाली हे टिपून ठेवायचे, कुणाला वाचायला दिलं आणि तो काय म्हणाला. माझ्या नावावर किती असतील. ‘बायको म्हणते, हा भाग पाणचट.’ ‘बायकोला झोप लागली.’ मी त्याच शोधत होते. तुझ्या कागदांवर रेघसुद्धा नाही.

दुसऱ्या प्रती काही सापडल्या नाहीत. कपाटं उपसली, पलंगाखाली शिरले, माळा तेवढा राहिलाय. तिसरी आणि चौथी पाठवतेय.

वहिनी

---

२८ फेब्रुवारी

वहिनी,

शंका अगदी तुझ्यासारख्या, एक धागा सुटला तर आख्खा स्वेटर उसवशील. घड्याळजी किल्ल्याही बनवतो, असं पुढच्या प्रकरणात येतंय. किल्लीची प्रत निघते, झालं समाधान? दादा घाईत लिहायचा, मागचं पुढे आणि पुढचं मागे करायचा. तळटिपा नाहीत, कारण त्याने हे कुणाला दाखवलंच नसावं. मला नाही दाखवलं तर आणखी कुणाला दाखवणार?

डॉक्टरीणबाईंचा पत्ता माझ्याकडे नाही. गिऱ्हाइकांच्या घरगुती गोष्टींत मी पडत नाही. तूही त्यांची चौकशी करत फिरू नकोस, लोक काहीही अर्थ काढतात.

तिसरं आणि चौथं प्रकरण सोबत आहे. मूळ फ्लॉप्या मी माझ्याकडेच ठेवतोय, तुझ्या त्या पेटीत त्यांची वाट लागेल.

माळ्यावर तू चढू नकोस. गुडघे धरून बसशील. मी येतो आणि सगळं घर एकदा नीट बघतो. कुणी येऊन गेलं का मधे? प्रकाशक, दादाचे मित्र वगैरे? दुसऱ्या प्रती त्याने कुणाकडे ठेवायला दिल्या असतील तर मला आधी कळव. आणि शेवटची फ्लॉपी आता लवकर पाठव. जितके दिवस तुझ्याकडे राहील तितकी ती खराब होईल.

धाकटा

---

९ मार्च

धाकट्या,

उशीर झाला, रागावू नकोस. सर्दीने डोकं धरलं होतं आणि येणारी-जाणारी माणसंही बरीच होती.

तिसरं आणि चौथं फार आवडलं. विशेषतः नायक फ्लॉपी कपाटात ठेवतो तो प्रसंग. ‘त्याने कोपऱ्यातली पट्टी सरकवली, खिडकी उघडी केली आणि निर्धास्त झाला.’ किती साधं वाक्य. मी ते तीन-चारदा वाचलं.

आता मला हे नीट समजून घ्यायचंय, कारण प्रकाशक विचारतात आणि माझी फजिती होते. खिडकी उघडी असली तर लिहिता येत नाही, हेच ना? आणि बुरशी कशी लागते, किती दिवसांत लागते? माझ्यासारख्या अडाणी बाईला समजेल असं लिही.

शेवटची फ्लॉपी पाठवतेय. लेबल त्यांच्याच हातचं आहे, त्याला तेवढा धक्का लावू नकोस. यातच शेवट असणार. तो मिळाला की मी सुटले.

तुला यायची घाई नको. माळा मी बघून घेतला, वर काही नाही.

वहिनी

---

१६ मार्च

वहिनी,

वाईट बातमी आहे, मन घट्ट करून वाच. शेवटची फ्लॉपी गेली.

उघडली तर आत तबकडीवर बुरशीचे पांढरे डाग, कडेपासून मधल्या चकतीपर्यंत. पुसायला गेलो तर बुरशीबरोबर वरचा थरच निघून आला. बुरशी अशी एका रात्रीत लागत नाही. दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं की लागते, आणि हिला भरपूर वेळ मिळाला होता. दादाच्या कादंबरीत असती तर कुणीतरी चष्मा पुसत, तीन बटणं दाबून सगळं परत आणलं असतं. खऱ्या आयुष्यात गेलं ते गेलं. मलाही भरून आलं.

खिडकीचं तुझं बरोबर आहे. उघडी असली की लिहिणं बंद.

आता माझं ऐक. शेवटचं प्रकरण मी लिहितो. दादाची ढब मला पाठ आहे, वाचकाला पत्ताही लागणार नाही. खुनी घड्याळजीच निघेल आणि शेवटी पश्चात्तापाने गाव सोडून जाईल. शोभेल, दादाच्या स्वभावाला धरून होईल. प्रकाशकांना सांग, शेवट मिळाला.

आणि एकदा दुकानात ये. त्या फ्लॉपीची अवस्था तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे मनात किंतू राहणार नाही. दुसऱ्या प्रती सापडल्या असतील तर त्याही घेऊन ये. सापडल्या असाव्यात असं मला वाटतंय, कारण तू त्यांच्याबद्दल बोलायची बंद झाली आहेस. रविवारी ये, इमारतीत त्या दिवशी कुणी नसतं, निवांत बोलता येईल. बरोबर कुणाला आणू नकोस, घरातली गोष्ट घरात राहू दे. चार मजले चढायची भीती नको. लिफ्ट आता दुरुस्त करून घेतली आहे. खालून निघालीस की बटण दाब, दार उघडेल, आत ये.

धाकटा

---

२० मार्च

भाऊजी,

या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात. सासूबाई म्हणाल्या, दिराला अहो म्हण. मी म्हटलं, याचं नाक मी पुसते, याला कसलं अहो म्हणू? त्या हसल्या आणि तेव्हापासून तुम्ही माझे धाकटे झालात. आज पहिल्यांदा तुम्हाला अहो म्हणतेय. यापुढे तसंच चालेल.

तुमच्या घड्याळजीवर माझा विश्वास बसला होता. किल्लीवरही बसला. तळटिपा नाहीत म्हणून वाईट वाटलं, तरी मुकाट बसले. पण चौथ्या प्रकरणात ती खिडकी उघडली आणि मी कागद हातातून खाली ठेवला. तुम्ही घरी येऊन ताटावर समजावलंत, चित्र काढून दाखवलंत, ह्यांचं एक प्रकरण त्यापायी पुसलं गेलं, तरी जे ह्यांना जन्मात कळलं नाही, ते मेल्यावर कसं कळलं? तुम्ही सगळं बदललंत आणि ते करताना ह्यांची ढब राखलीत, हे मान्य करायला हवं. मला फसवलंत. फक्त फ्लॉपीविषयी चुकीचं वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं नाही. तेवढं तुम्हाला सोसवलं नाही.

मग मी कंपोझिटरकाकांकडे गेले. ह्यांची पहिली पुस्तकं ज्यांनी हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापली, ते. छापखाना बंद झाला तरी जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी झाकून ठेवलाय, रोज पुसतात. दुसऱ्या प्रती त्यांच्याकडेच होत्या. दोन प्रती दोन घरांत, तुमचाच सल्ला ह्यांनी पाळला होता. काका आजारी होते, ह्यांच्या बातमीने आणखी खचले, म्हणून पाकीट घेऊन यायचं राहून गेलं होतं. आम्ही दोघांनी शेजारी बसून पाचही प्रकरणं पडद्यावर वाचली. ते यंत्र तुम्ही म्हणता तसंच घरघरत होतं, थांबत होतं, परत घरघरत होतं.

त्यात घड्याळजी नाहीच. त्यात फ्लॉप्या दुरुस्त करणारा एक गोड बोलणारा माणूस आहे. तो लोकांच्या जुन्या फ्लॉप्या वाचून देतो आणि प्रत्येकीची प्रत स्वतःजवळ ठेवतो. मग पाकिटं जातात. एक डॉक्टरीण दवाखाना बंद करून निघून जाते. त्या माणसाला एक थोरला भाऊ आहे, त्याला हे कळतं. शेवटच्या प्रकरणात धाकटा त्याला बोलणं करायला वर बोलावतो. लिफ्टचं दार उघडतं आणि आत लिफ्ट नसते. हे ह्यांनी मरायच्या आधी लिहिलंय, भाऊजी.

म्हणून मग एक काम केलं. ह्यांच्या खऱ्या फ्लॉपीवरचं लेबल वाफेवर सोडवलं. काकांनी न फोडलेल्या खोक्यातून कोरी फ्लॉपी काढली, तिच्यावर शेवटचं प्रकरण घेतलं, वर ते लेबल चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कुरियरने तुम्हाला धाडली. रहस्यकथाकाराची बायको होते मी, थोडं तरी अंगी लागणारच. मनात म्हणत होते, देवा, याला तेच प्रकरण छापून पाठवू दे. रडत आला असता, दादाने माझ्यावर काय काय लिहिलंय म्हणाला असता, तरी मी तुमच्या बाजूने विचार केला असता. तुम्ही लिहिलंत, बुरशी. आदल्या संध्याकाळी भरलेल्या फ्लॉपीला तुम्ही दोन वर्षांची बुरशी लावलीत.

मला तुमचा राग येतो आणि ह्यांचाही येतो. ह्यांनी पोलिसांकडे जायच्या ऐवजी कादंबरी का लिहिली? आणि लिहिली ती लिहिली, छापायच्या आधी तुमच्याच हातात का दिली? आता कळतं, का ते. त्यांना वाटलं, हा वाचेल, शरमेल, सुधारेल. मी त्यांना म्हटलंच असतं, ‘भावाच्या बाबतीत तुमचं डोकं चालत नाही.’ मी चार दिवस त्यांच्याशी बोलणार नाही असं ते म्हणाले होते ना, ते याचसाठी होतं. एकुलत्या दिरावर असं लिहिलं म्हणून मी भांडेन असं त्यांना वाटलं. आणि मी भांडलेच असते. तुमच्या बाजूने भांडले असते.

ही कादंबरी छापली जाईल. घड्याळजी नाही, पश्चात्ताप नाही, खिडकी उलटी, सगळ्या चुका जशाच्या तशा. प्रकाशकांना तसं सांगितलंय. शेवटच्या प्रकरणाखालची रेघही राहील आणि तिच्याखालची टीपही. ती तुम्ही पाहिली असेलच, पण माझ्या अक्षरात पुन्हा वाचा.

‘धाकट्याला वाचायला दिलं. शेवटचं पान त्याने दोनदा वाचलं. मग हसला. म्हणाला, फ्लॉपीचं नेहमीसारखं सगळं चुकलंय. लिफ्टचं तेवढं बरोबर आहे.’

रविवारी तुम्ही मला वर बोलावलंत. मी येणार नाही. हे पत्र कुरियरने पाठवत नाहीये. ते घेऊन जे दोघे आत्ता तुमच्या दारात उभे आहेत, त्यांना मी निघताना एकच सांगितलं. म्हटलं, दम लागला तर मधे थांबा, पण जिन्यानेच जा.

वहिनी